पिस्टन बसेपर्यंत

हृदयाच्या बायपासनंतर मी बाबांना गाडीतून घरी आणत होते. वाटेत पंडरीजवळ पुढच्या ट्रकमधून जळक्या ऑइलचा वास आला आणि कित्येक वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली.

ट्रॅकवर पळवायला मी माझ्या टर्बो गाडीचं इंजिन उघडून नव्यानं बांधलं होतं. नवे पिस्टन नीट बसेपर्यंत गाडी हळूच चालवायची होती. ऑइल असंच जळत होतं, स्कूटरवाले पुढे निघून जात होते, माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर शिवशिवत होता. शेजारी बाबा मात्र खुशीत. "हव, रोज अशीच चालवत जा!" मी नुसती चरफडत होते.

"काहून रेंगाळून राहिली व? दाब ना!" छातीशी उशी धरलेले बाबा आता चुळबुळत म्हणाले.

"आत्ताच इंजिन उघडलं ना, बाबा."

पाय आजही शिवशिवत होता, पण ब्रेकवर.