वूफरचा कच्चा टाका

सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की मला आमची डोंबिवलीतली शेजारीण आठवते. नव्वदच्या दशकात ती वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायची. माझे वडील भजनात पखवाज वाजवायचे आणि ते गेल्यावर त्यांच्या वादनाची एकच कॅसेट घरात उरलेली. वर्षश्राद्धाला ती आईला नीट ऐकवावी म्हणून मी स्वतः वूफर बनवला, पण डाव्या हाताची थाप घूंऽऽ अशा आवाजात बुडून जायची. टेपपासून वूफरपर्यंतची तार हलकी असेल असं वाटून मी सोनेरी टोकांची जाडजूड तार आणली, तरी घरघर तशीच. “राहू दे रे, नाही ऐकलं तरी चालेल,” आई म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. संध्याकाळी शेजारीण कामावरून आली ती थेट वूफरपाशीच बसली. “अरे, हातभर तारेला सोनं लावून काय होणार? जोड बघितलास का?” तिनं वूफरचं, तार खुपसायचं सॉकेट उघडलं. आतल्या अर्थिंगच्या तारेचा सोल्डरचा टाका सुटला होता आणि तो मीच घातलेला. मी शरमलो. तिनं नवा टाका घातला, माझी जुनी साधी तारच लावली आणि कॅसेट सुरू केली. घरघर गेली होती. बाबांची थाप फरशीतून पायाला जाणवली. “समेआधी ते असेच थांबायचे गं,” आई तिला सांगू लागली आणि ती बाई, दिवसभर उभी राहून आलेली, कॅसेटची बाजू संपेपर्यंत जागची हलली नाही. आता मी लोकांच्या घरी स्पीकर बसवतो. आवाज बिघडला की आधी स्वतःचं काम तपासायचं, हे मी तिच्याकडूनच शिकलो.