'नाही'चा रकाना

कुंदाताई सालईचं झाड त्याच्या डिंकाच्या वासावरून तीन गावं आधी ओळखायच्या. बसमध्ये अर्ध्या झोपेत नाक वर करायच्या आणि कंडक्टर आपसूक बेल मारायचा. यातली दोन गावं मी वाढवलेली आहेत. बाकी सगळं खरं.

आमचं काम नागपुरात बसून जंगलाचा अंदाज बांधण्याचं. पाऊस, ऊन, माती, चढ-उतार यांचे आकडे संगणकाला द्यायचे आणि कुठलं झाड कुठे असावं याचा नकाशा काढायचा. लाल ठिपका म्हणजे तिथं सालई असणार. मग प्रत्यक्ष जाऊन पाहायचं आणि रकान्यात लिहायचं, 'आहे' किंवा 'नाही'. नकाशा ताईंचा, पायपीट दोघांची.

एकदा ताई रजेवर होत्या, म्हणून रामटेकच्या पलीकडच्या टेकडीवर मी एकटाच गेलो. टेकडीवर म्हणजे पायथ्याच्या टपरीपर्यंत. ऊन असं, की चहा गॅसशिवाय उकळत होता. तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा संपवत खालूनच टेकडी न्याहाळली आणि लिहिलं, 'नाही'. वाटेत आडव्या आलेल्या अस्वलाची हकीगतही तयार ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी अस्वल शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"अस्वलानं बूट पुसून देल्ले का गा?"

त्याच आठवड्यात त्या मला घेऊन टेकडी चढल्या. निवृत्तीला आलेल्या बाई पुढे, मी मागे धापा टाकत. माथ्यावर, ऐन ठिपक्याच्या जागी, सालई उभी होती. कागदासारखी साल सुटलेली. ताई रागावल्या नाहीत. खोडावर हात ठेवून म्हणाल्या, "'आहे' चुकलं तं कोणीतरी पाहाले येते. 'नाही' लिहिलं का मंग कोणीच येत नाही, बाबू. जाऊन पाह्यल्याशिवाय 'नाही' लिहू नको."

गेल्या उन्हाळ्यात ताई आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. मी तेव्हा मेळघाटात होतो, फोनवर कळलं. परतलो तोवर सगळं आटोपलं होतं.

ताईंचं घर कामठीला. शेअर ऑटोवाला रोज माझ्यासमोर "कामठी, कामठी" ओरडतो, एक सीट रिकामी असते. मी बसत नाही. त्यांच्या मुलीनं दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी अस्वलापेक्षा सरस थापा मारल्या.

ताई नाहीत, असं सगळे सांगतात. मी अजून जाऊन पाहिलेलं नाही.