मेंढपाळांच्या तंबूत एक रात्र

किरगिझस्तान हे नाव बीडमध्ये कुणाला नवं नाही. इथं डॉक्टरकीला मार्क कमी पडले की पोरं तिकडं शिकायला जातात आणि आईबाप गल्लीभर सांगत फिरतात, "आमचा फॉरेनला असतो." पण तिथं नुसतं फिरायला जायचं, हे डोक्यात आलं आमच्या केंद्रप्रमुख सरांच्या. सर आता रिटायर झालेत. मीही झाले, माझा नवराही झाला. तिघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतले. सरांच्या मिसेस, आणखी दोन जोडपी आणि आम्ही असा आमचा ग्रुप. सकाळी फिरायला जायचं, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जेवायचं आणि उरलेला वेळ मोबाइलवर एकमेकांना फुलांचे फोटो पाठवायचे.

सरांचं म्हणणं असं की स्वित्झर्लंडला सगळेच जातात आणि ते परवडतही नाही. हा देश स्वस्त, बर्फाचे डोंगर तेच, आणि परत आल्यावर सांगायला नवीन. खरं कारण हे शेवटचं होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण मी काही बोलले नाही, कारण मला जायचं होतं. लई जायचं होतं.

मी मेंढपाळाची मुलगी. आमचं गाव चकलांब्याजवळचं. दिवाळी झाली की घर घोड्यावर बांधायचं आणि मेंढरांमागं निघायचं. आश्रमशाळेत घालेपर्यंत मी तेच केलं. पुढं मी चौथीच्या मुलांना फळ्यावर डोंगर काढून दाखवायची, तेव्हा हात आपोआप बालाघाटाचे डोंगर काढायचे. बुटके, उघडे, उन्हाळ्यात काट्यालासुद्धा पान नसलेले. सरांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. बर्फाच्या डोंगराखाली हिरवं कुरण, मेंढरांच्या पोटाला लागेल इतकं गवत, आणि त्यात मेंढरंच मेंढरं. बाकीच्यांनी त्यावर अंगठे पाठवले. मी तो व्हिडिओ स्वयंपाक करता करता बघितला, भाजी लागली, तरी बघत राहिले. असं गवत माझ्या बापानं कधी बघितलं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही लिंबाच्या आणि बाभळीच्या डहाळ्या तोडून मेंढरांपुढं टाकायचो. मला ते गवत डोळ्यांनी बघायचं होतं, बाकी तळं, बाजार, किल्ले काय असतील ते इतरांनी बघावेत.

सहलीच्या कार्यक्रमात एक गोष्ट सगळ्यांत वर होती. मेंढपाळांच्या तंबूत एक रात्र. तिथले लोक उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वर कुरणात जातात, लोकरीचे गोल तंबू ठोकतात आणि पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवून घेतात. सरांच्या मिसेस तर हरखून गेल्या होत्या. "अगदी त्यांच्यासारखंच राहायचं बरं का! चुलीवरचं खायचं, मेंढ्यांच्या शेजारी झोपायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्हाला काय, माहेरीच गेल्यासारखं वाटेल." सगळे हसले. मीही हसले. नोकरीत असल्यापासून असल्या बोलण्यावर हसायची मला सवय आहे.

त्याच सुमारास माझा भाऊ मेंढरं घेऊन बीडच्या बाजूला आला होता. माझ्यापेक्षा धाकटा. मी शाळेत गेले आणि तो मेंढरांत राहिला. बापाला कुणीतरी एक जण लागणारच होता. सरांचं शेत लिंबागणेशच्या पुढं आहे. कापसाची वेचणी संपली होती, रान मोकळं होतं. मी सरांना म्हटलं, भावाची मेंढरं बसवा की तुमच्या रानात. सर लगेच तयार झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेंढरं रात्री रानात बसवली की लेंड्यांचं आणि मुताचं खत जागेवर पडतं, तसलं खत विकत मिळत नाही. त्या बदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. जितक्या रात्री मेंढरं बसली तितकं धान्य. ज्वारी, बाजरी, जे घरात असेल ते. ही रीत आमच्या आज्याच्याही आधीची. लिहून द्यावी लागत नाही की कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मला वाटलं, चांगलं काम झालं. भावाला आसरा झाला, सरांना खत झालं.

सहलीचं पक्कं करायला सरांनी सगळ्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं. जानेवारीतला रविवार होता. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजली जात होती, गडी ती हातावर चोळून हुरडा काढून देत होता. सोबत दही, शेंगदाण्याची चटणी, गूळ. सर मोबाइलवर तंबूचे फोटो दाखवत होते. आत भिंतीला रंगीत गालिचे, मधे चूल, वर धूर जायला भोक.

पलीकडं, बांधाच्या मागं, माझ्या भावाचं पाल होतं. आल्या आल्या मला ते दिसलं नाही. मागच्या आठवड्यात मी आले होते तेव्हा ते विहिरीजवळ, लिंबाच्या सावलीला होतं. आता ते उन्हात, खड्ड्यात होतं. हुरडा तोंडात टाकून मी तिकडं चालत गेले. भावजय भाकरी थापत होती. मी विचारलं, पाल का हलवलं?

"सर म्हनले, पाव्हने येनार हायेत, वास येतो. म्हनून हिकडं आलो."

"आणि पाणी?"

"आनते की भरून. त्यात काय, अक्का."

परातीत भाकरीचं पीठ एवढंसं उरलं होतं, ते तिनं गोळा केलं. मी सहज म्हटलं, "ज्वारी दिली असेल ना सरांनी?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या भावालाच इचारा."

भाऊ कोकराला पाजत होता. तो वर न बघता म्हणाला, "तुज्या वळखीचं रान हाय अक्का. बहिनीच्या दारचं घ्यायचं असतंय व्हय? मी कसं मागू?"

मी तिथंच उभी राहिले. आमच्यात भाऊ बहिणीच्या घरचं घेत नाही. देतो, घेत नाही. पाणी प्यायला सुद्धा जुनी माणसं का-कू करायची. मी शब्द टाकला म्हणून सरांचं रान त्याच्या लेखी माझ्या सासरचं रान झालं होतं. हे माझ्या लक्षातच आलं नाही. मास्तरीण झाले, पण आपल्याच माणसाच्या डोक्यात काय चालतं ते विसरून बसले. तिकडं सरांनी काय गृहीत धरलं असेल ते विचारायची गरज नव्हती, पण मी विचारलं. आगीभोवती सगळे बसले होते तिथं जाऊन, उभ्यानं.

"सर, मेंढ्या इतक्या दिवस बसल्या, त्याचं धान्य द्यायचं राहिलंय वाटतं."

सर हसले. अगदी मोकळं, मनापासून हसले. "अहो मॅडम, तुमचा सख्खा भाऊ ना तो? मग घरच्या घरात कसलं देणं-घेणं! त्यानंही एका शब्दानं मागितलं नाही. फार गुणी माणूस."

मिसेस म्हणाल्या, "हो ना, किती साधी असतात ही माणसं!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तिकडच्या मेंढपाळालाही असंच सांगा. म्हणावं, आमच्या सोबत मेंढपाळाची बहीण आहे, तेव्हा तंबू घरचाच समजा. तो पण गुणी असेल."

कुणी हसलं नाही. गडी तेवढा कणीस चोळायचा थांबला. माझा नवरा दह्याची वाटी हातात घेऊन माझ्याकडं असा बघत होता, जशी काही मी त्याच्या पंक्तीतून उठून गेले. सर म्हणाले, "तुम्ही विषय कुठल्या कुठं नेलात." मग त्यांनी गड्याला हाक मारून उगाच गूळ आणायला पाठवलं.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो.  ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या गोंगाटात नवरा बोलायला लागला. एवढ्या वर्षांचे संबंध, चारचौघांत, ज्वारीच्या एका पोत्यापायी. मी म्हटलं, पोत्यापायी नाही. तो म्हणाला, मग कशापायी? मला नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मी त्यांच्याबरोबर येत नाही. मेंढपाळाच्या तंबूत त्या माणसाशेजारी बसून मला जेवण जाणार नाही."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी एकट्यानं जावं, असं म्हणतेस?"

असं मी म्हटलंच नव्हतं. पण त्याच्या आवाजात जी सुटका होती ती ऐकून मी म्हटलं, "जा." संसारात काही गोष्टी कळायला फार उशीर लागतो, ही मात्र मला चहा निवायच्या आत कळली.

दुसऱ्या दिवशी सरांनी गड्याच्या हाती ज्वारी पाठवली. भावानं ती जशीच्या तशी सरांच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि मेंढरं उठवली. मला फोन केला. "कावून मागितलंस गं? मी मागितलं न्हाई ते तू चारचौघांत मागितलंस. मला भिकारी केलंस." मी समजवायला गेले तर फोन ठेवला. म्हणजे सरांकडून वाईट, नवऱ्याकडून वाईट आणि ज्याच्यासाठी बोलले त्याच्याकडूनही वाईट. सर मात्र जिथं तिथं सांगत होते की आम्ही धान्य पाठवलं, त्यांनीच घेतलं नाही. खत रानातच होतं, ते कुणी परत करत नाही.

जूनमध्ये ते गेले. नवऱ्यानं बॅग भरताना मला दोनदा विचारलं, "अजून विचार कर." दुसऱ्या वेळी मी खरंच विचार केला. तो व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये अजून होता. गाडी दारात आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मला रडू येत होतं, रागानं नाही, हावेनं. जायचं होतं मला. पण गेले असते तर भावाचं ते उन्हातलं पाल मला प्रत्येक हिरव्या कुरणात दिसलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. भावासाठी एवढं तरी मी केलं, असंही सांगितलं. त्या आठवड्यात त्याच आधारावर मी जेवले.

श्रावणात राखीला भाऊ आला. पाऊसकाळात मेंढरं गावाकडं असतात तेव्हा त्याला येता येतं. नवं धोतर, डोक्याला पटका, माझ्यासाठी साडी. जानेवारीतलं त्यानं काही काढलं नाही, मीही काढलं नाही. राखी बांधून झाली, तोंडात पेढा होता तोवरच तो म्हणाला, "हां, आता सांग."

"काय सांगू?"

"तिकडचं. गेलतीस ना? मेंढरू कसलं हाय तिकडलं? लोकर लांब असंल. एवढ्या बर्फात कोकरं कशी जगवत्यात? मी समद्यास्नी सांगून ठिवलंय, माजी बहीन बघून येनार हाय म्हनून. परवा दोगं येऊन गेले इचारायला."

मी म्हटलं, "मी गेले नाही."

त्याचा घास तसाच राहिला. "कावून?"

"तुझ्यामुळं. त्या माणसानं तुझ्याशी असं वागल्यावर मी त्याच्याबरोबर कशी जाऊ?"

तो रागवला असता तर बरं झालं असतं. "आगं, ते त्याचं त्याच्यापाशी," तो हळू म्हणाला. "असली लई मानसं बघितली मी. रोज एक भेटतंय. त्याच्यापायी तू कशाला ऱ्हायलीस? आपल्या घरात तिकडं जाता येनारी तू एकटी. माज्याच्यानं का जानं होनार हाय?"

 नवरा आतून आला, त्याला वाटलं वातावरण हलकं करावं. त्यानं मोबाइल भावाच्या हातात दिला, "बघा, सगळे फोटो आहेत, तंबूतले पण."

भाऊ एकेक फोटो सरकवत गेला. त्याला ते नीट जमत नव्हतं, बोट ओलं करून सरकवायचा. तंबूच्या दारात सर. लोकरीची उंच टोपी घालून सर आणि माझा नवरा. कोकराला उचलून सरांच्या मिसेस. ताटासमोर सगळे. तंबूच्या मालकाच्या खांद्यावर हात टाकून सर. तो मोबाइल डोळ्यांजवळ न्यायचा, कोपऱ्यात बघायचा, पुढं सरकवायचा. शेवटपर्यंत गेला, मग परत पहिल्यापासून आला.

मग मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, "अक्का, नुसती मानसंच हायेत गं. गवत कुटं हाय?"