हवेच्या नळीतलं केळं

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या दाजींचं इंजिन बंद पाडलं. ते बंद का पडलं, हे तेव्हा फक्त मला माहीत होतं.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. उसापासून होणाऱ्या इथेनॉलवर पाणी उपसणारं इंजिन त्यांनी स्वतः जुळवलं होतं. ते बघायला मुरगूडहून दोन शेतकरी आले होते. ते चाललं तर दाजी संशोधक ठरणार होते. नाहीतर गल्ली त्यांना येडं म्हणतच होती.

आधी पूजा. ती आक्काने माझ्याकडे दिली. हार, कुंकू, नारळ सगळं झालं, पण उदबत्त्या खोचलेलं केळं ठेवायला सपाट जागा मिळेना. मागच्या बाजूला एक नळी दिसली. केळं तिच्यात असं बसलं, जणू मापानेच केलंय. इंजिन हवा त्याच नळीतून घेतं हे मला ठाऊक नव्हतं.

दाजींनी हँडल मारून मारून शर्ट भिजवला. इंजिन एकदा फुसकलं, तेवढंच. पाहुणे चहा पिऊन गेले. दाजींनी लगेच कार्ब्युरेटर सोडवला. बाजूला टाकलेल्या नळीत मला केळं दिसलं, आणि काय झालं ते कळलं. मी उदबत्त्या उपटल्या आणि केळं सोलून खाल्लं. पुरावा गोड होता, हेही कबूल करतो.

आपलं डिझाईनच चुकलं असं समजून दाजींनी तीन वर्षं खपून दुसरं इंजिन केलं. इथेनॉल कमी पिणारं, चालताना जवळजवळ मुकं. मी दर रविवारी जाऊन त्यांचे पाने-पक्कड पुसून द्यायचो.

गेल्या महिन्यात तेच पाहुणे पुन्हा आले. आक्काने पूजेचं ताट हातात दिलं. त्यातलं केळं बघून मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

दाजींनी हातातला पाना खाली ठेवला. मग मला म्हणाले, "पावणं, घट्ट बसलंतं?"

"बुचासारखं."

"म्हंजे पयलं बरोबर हुतं की."

त्यांनी पोत्याखालचं जुनं इंजिन ओढून काढलं आणि कार्ब्युरेटर, नळी परत जोडली. तिसऱ्या हँडलला ते असं धडधडलं की शेजारचे लोक बाहेर आले. मग नवीनही चालवून दाखवलं. मुरगूडकरांनी दोन्ही ऐकली.

"जुनंच द्या," थोरला म्हणाला. "नवीन चालू हाय का बंद, शिवारात कळायचं न्हाय."

दाजींनी आधी नव्या इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणजे पहिल्या इंजिनाचं पाप होतंच, आता दुसऱ्याचंही माझ्याच माथी. पेटवलेल्या उदबत्त्या मी हातातच धरल्या होत्या. बोटं भाजेपर्यंत कुठे खोचायचं धाडस झालं नाही.