चौथ्या ‘का’चं उत्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कंपनीच्या गेटसमोरची वडापावची गाडी माझ्यामुळे उठली, आणि ज्या आतड्यापायी उठली त्या आतड्यात तिथला वडा कधी गेलाच नव्हता.

चाकणच्या एका कंपनीत मी लाइनचा सुपरवायझर. माझा एक ऑपरेटर तीन आठवडे पोट धरून काम करत होता. “गॅस असेल राव,” असं मीच म्हणायचो. एका फर्स्ट शिफ्टला तो मशीनपाशीच कोसळला. हॉस्पिटलात त्याच्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला. इकडे लाइन चाळीस मिनिटं बंद. लाइन थांबली की आमच्याकडे पाच ‘का’चा फॉर्म भरावाच लागतो. लाइन का थांबली? ऑपरेटर पडला. का पडला? पोट दुखलं. का दुखलं? आतडं खराब झालं. चौथ्या ‘का’ला मी अडलो.

“डॉक्टरांचा रिपोर्ट यायचाय,” मी मॅनेजरना म्हणालो.

“भाऊ, फॉर्म आज क्लोज पाहिजे. आतडं त्याचं, लाइन आपली.”

मी लिहिलं, गेटवरचा वडापाव. पाचव्याला, तळणीचं तेल जुनं. उपाय, गाडी हटवणे.

दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीवाले गाडी हटवायला गेले. गाडीवाली मावशी मला बघून म्हणाली, “दादा, तुमी तर रोज खाता. सांगा की यांना!”

“कंपनीचा नियम आहे, मावशी,” मी म्हणालो. तोंडात तिचाच वडा होता.

आठवड्याने रिपोर्ट आला. आतड्याला रक्त आणणाऱ्या धमन्या ठणठणीत. रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सुजलेल्या. रक्त तुंबून तो भाग मेला होता. असं फार क्वचित होतं, कारण सापडत नाही, खाण्याशी संबंध दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

“‘सापडत नाही’ हे कारण नसतं,” मॅनेजर म्हणाले. ऑडिटमध्ये उलट कौतुक झालं: गाडी हटवल्यापासून एकाचंही आतडं बिघडलेलं नाही! टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. मी उभा राहून नमस्कारही केला.

ऑपरेटर बरा होऊन कामावर आला. वडापावचं कळल्यावर टाके धरून हसला. “साहेब, मी तर घरचा डबा आणतो. वडा मला चालतच नाही.” मी त्याला गप्प बसवलं.

मावशी आता तळेगावच्या रस्त्याला उभी असते. “हिच्याच वड्यानं माणूस पडला,” असं अजून बोललं जातं. मी त्या रस्त्याने जात नाही. तिच्या गाडीपाशी, गिऱ्हाइकांच्या देखत, वड्याचा दोष नव्हता आणि ते खोटं मी लिहिलं, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.