पालथे ग्लास

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, जिच्याशी रोज बोलते त्या मैत्रिणीला नाही. विनयाला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायला हवं होतं ते फक्त तिलाच.

कुठून सुरू करू? नोकरीपासून करते. साकीनाक्याला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या कंपनीची एक बंद खोली आहे. तिथे मी व्हिस्की चाखते. पीत नाही — वास घेते, तोंडात फिरवते, थुंकते, मार्क देते. मुलुंडला आमच्या सोसायटीत आई सांगते, मुलगी लॅबमध्ये आहे.

मला तिथे आणलं विनयाने. ती भांडुपची, माझ्याहून बरीच मोठी, पण पहिल्याच दिवशी म्हणाली, ताईबिई नको, विनया म्हण. वास घ्यायला तिनेच शिकवलं — ग्लास नाकाशी नेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर नुसतं अल्कोहोल झोंबतं. माझ्याकडे वासांची इंग्रजी नावं भरपूर होती, शाळेपासून वाचलेली. त्यातल्या अर्ध्या गोष्टी मी कधी खाल्ल्याही नव्हत्या. ती सरळ म्हणायची, बडीशेप. सुंठ. रंधा मारल्यावर पडतो तो भुसा. मला तिची थोडी लाज वाटायची. सगळं सांगायचंच आहे, तर हेही सांगते.

जिच्यावरून हे सगळं झालं, ती राय तिची होती. राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं एक धान्य, चवीला जरा तिखट. त्याची स्ट्रेट व्हिस्की करायची म्हणजे नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात निदान दोन वर्षं ठेवायची. वरून रंग नाही, वास नाही, काही लपवायला जागाच नाही. आमच्या खोलीचे प्रमुख असलेल्या सरांच्या मागे लागून लागून विनयाने चार पिंपं भरून घेतली होती. दोन वर्षं झाली आणि चाखायचा दिवस ठरला. पास झाली तर ती स्वतःच्या नावाने बाटलीत जाणार. नाही झाली, तर आमच्या स्वस्तातल्या ब्लेंडमध्ये ओतणार. एकदा ओतली की संपली.

ग्लास तयार करणं माझं काम. नियम साधा — गरम पाण्याने धुवायचे, उभे सुकवायचे, आणि काही ओतण्याआधी प्रत्येक रिकाम्या ग्लासचा वास घ्यायचा. त्या दिवशी सरांनी ऐन वेळी एक सॅम्पल वाढवलं आणि ग्लास कमी पडले. खालच्या नव्या प्लायच्या कपाटात थोडे होते. मीच ठेवले होते — पालथे. घरी आई पेले पालथेच ठेवते ना, धूळ बसू नये म्हणून. हात तसाच गेला होता. पण पालथ्या ग्लासात हवा कोंडते आणि कपाटाचा वास आत बसतो. हे मला माहीत नव्हतं का? विनयाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ते घाईघाईने पुसले आणि शेवटच्या नंबरच्या सॅम्पलसाठी मांडले. वास घेतला नाही.

कुठल्या नंबरात काय, ते फक्त सरांना ठाऊक असतं. शेवटचा नंबर तिच्या रायचा निघाला.

आमच्याकडे पद्धत अशी, की सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांच्या मताचं दडपण येत नाही. धाकटी मी. एरवी माझा आवाज घशातच राहतो. पण त्या ग्लासातून इतकं स्पष्ट काहीतरी आलं — दमट, कोंदट, ओला प्लाय — की मी अडखळलेसुद्धा नाही. छान इंग्रजीत सांगितलं. पिंपात बुरशी असावी, असंही जोडलं. ते मला कोणी विचारलं नव्हतं.

सरांनी पुन्हा ग्लास उचलला, मान डोलावली. म्हणाले, "नाक आहे हं पोरीचं."

विनयाही टेबलाशी होती. तिने ग्लास कितीतरी वेळ नाकाशी धरून ठेवला.

"हो गं, वास आहे," ती हळूच म्हणाली. "मग पिंपापाशी मला कसा नाही आला?"

नंतर ग्लास गोळा करताना कपाटातला एक न वापरलेला हातात आला. सवयीने नाकाशी नेला. तोच वास. रिकाम्या ग्लासात.

सर अजून खोलीतच होते, फोनवर. विनया खिडकीशी उभी. रायची बाटली टेबलावर, अर्ध्याहून जास्त भरलेली. एक वाक्य पुरलं असतं — ग्लास खराब होते, पुन्हा घेऊ या. काय झालं असतं? ओरडा पडला असता. विनया 'कमाल आहेस यार तू' म्हणत स्वतः ग्लास धुवायला लागली असती. मी भ्याले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरेसं खरंही नाही. खरं हे, की सरांचं ते वाक्य मला परत द्यायचं नव्हतं. त्या खोलीत पहिल्यांदा माझं कोणीतरी ऐकलं होतं.

मी नळ सोडला आणि तो ग्लास धुतला. मग बाकीचेही. गरम पाण्याने, नीट. उभे सुकवले.

पिंपं ब्लेंडमध्ये गेली. ती बाटली मला ओतून टाकायला सांगितली होती. मी घरी आणली. एका रविवारी दुपारी स्वच्छ ग्लासात घेऊन बसले. कोवळी होती, जरा उग्र, हे खरं. पण सुंठ होती, बडीशेप होती, मागाहून करपलेल्या गुळासारखं काहीतरी. बुरशी नाही, प्लाय नाही. मला हे आधीच माहीत होतं — मग चाखली कशाला? तिच्यात काहीतरी दोष सापडावा म्हणून. खूप शोधला.

विनयाला कोणी काढलं नाही. तीच म्हणाली, ज्या नाकाला आपल्याच पिंपातली बुरशी कळत नाही, ते टेबलाशी कशाला बसवायचं? आता ती घाटकोपरच्या एका मसाल्याच्या कंपनीत हिशेबाचं बघते. तिच्या खुर्चीवर मी बसते. नवीन कोणी आलं की सर ती बुरशीची गोष्ट सांगतात. मी खाली बघते. लोकांना वाटतं, लाजते.

गेल्या महिन्यात तिने भांडुपला जेवायला बोलावलं. तिची आई आत होती, पानावर आम्ही दोघीच. सकाळची सोलकढी होती. विनयाने वाटी भरली, नाकाशी नेली, थांबली. मग माझ्यापुढे धरली.

"तू बघ गं, खराब नाही ना झाली? माझ्या नाकाचं काही खरं नाही."

मी वास घेतला. नारळ, कोकम, लसूण. ताजी होती.

"चांगली आहे," मी म्हटलं.

तिने लगेच वाटी तोंडाला लावली.