चौथं वल्हं

पेंटीला पुरून सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले, तेव्हाच रेइनोनं विषय काढला. "आता उन्हाळ्यात मागच्या होडीत कोण बसणार रे?"

पेंटीची बायको दोन खुर्च्या पलीकडे होती. तिनं ऐकलं. इर्यानंही ऐकलं, कारण किटली तिच्या हातात होती. तिनं रेइनोच्या कपात कॉफी ओतली आणि त्याच्याकडे न बघता पुढं सरकली. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिच्याही मनात तोच प्रश्न येऊन गेला होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

इर्या गावातल्या शाळेची पिवळी बस चालवायची. अंगानं आडवी, बोलणं कमी, साठीला टेकलेली. रस्त्यावर आरशासारखा बर्फ असला तरी तिची बस कधी खड्ड्यात गेली नाही. तिचा नवरा ताउनो कागदाच्या गिरणीत होता. रेइनो, गास्तों आणि मेलेला पेंटी हेही तिथलेच. जुलैत गिरणी दुरुस्तीसाठी बंद पडली की हे चौघं दोन कॅनू, म्हणजे हलक्या अरुंद होड्या, गाडीच्या टपावर बांधून उत्तरेला जायचे. रस्ता संपतो तिथं होड्या पाण्यात घालायच्या, एका तळ्यातून दुसऱ्यात असं वल्हवत जायचं, तंबूत झोपायचं, पिकरेल आणि ट्राउट मासे मारून तिथंच तळून खायचे आणि लाकूडवाल्यांच्या रस्त्यावर पूल आहे तिथं बाहेर पडायचं. त्यांना सोडायला इर्या, आणायला इर्या. डब्यातलं सगळं इर्याच्या हातचं.

दर फेब्रुवारीत तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला जायचा. बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ, आत चौघांची भांडणं. या तळ्यावरून जाऊ, नको, त्या पोर्टेजला चिखल फार. दोन तळ्यांमधल्या जमिनीच्या वाटेला ते पोर्टेज म्हणत. तिथं होडी खांद्यावर घेऊन चालायचं असतं. इर्याला सगळ्या तळ्यांची नावं पाठ होती. पाहिलं एकही नव्हतं. लग्न नवं असताना तिनं एकदा विचारलं होतं. ताउनो म्हणाला होता, "तिथं तुझं काय काम? मासे साफ करायला आम्ही आहोत की." सगळे हसले होते. तीही हसली होती.

त्या फेब्रुवारीत टेबलाशी तिघंच होते आणि चौथा सापडत नव्हता. गास्तोंचा मेहुणा गुडघ्यांचं सांगत होता, रेइनोच्या भावाला बायको सोडत नव्हती. दोन होड्यांना तिघं म्हणजे एकानं एकट्यानं वल्हवायचं, आणि वारा सुटला की एकट्याची होडी पानासारखी फिरते.

"इर्याला घ्या मग," रेइनो म्हणाला. "बस चालवते, होडी काय चीज आहे!"

हसणं ओसरेपर्यंत इर्या थांबली. मग चुलीपासूनच म्हणाली, "येते मी."

ताउनोनं नकाशाची कड बोटानं सरळ केली. "ये ना," तो म्हणाला. "पण आधी करून दाखव. तिथं दमले म्हणून बस थांबवता येत नाही."

दुसऱ्याच रविवारी त्यांनी तिच्या पाठीवर सामानाची मोठी कॅनव्हासची पिशवी चढवली. आत मिठाच्या गोण्या. पट्टा कपाळावर घ्यायचा, मान ताठ ठेवायची आणि अंगणाला फेऱ्या मारायच्या. गुडघाभर बर्फात ती चालू लागली आणि तिघं खिडकीत कॉफी घेऊन उभे राहिले. तिसऱ्या फेरीला ती तोंडावर आपटली. पिशवीच्या वजनानं उठताच येईना. उलट्या कासवासारखी ती हातपाय मारत राहिली. रेइनोनं खिडकी उघडून टाळ्या वाजवल्या.

"मदत करू का गं?" गास्तोंनं विचारलं.

"थांब," ताउनो म्हणाला. "पोर्टेजवर कोण मदत करणार आहे?"

ती उठली. त्या दिवशी फेऱ्या पुऱ्या केल्या आणि आत येऊन त्यांची बटाट्यांची भाजी आणि मासे गरम करून वाढले. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ होता. रेइनो त्याला मुकुट म्हणाला.

मग रोज बस लावून आली की ती पिशवी घेऊन निघायची. मार्च गेला. एप्रिलात खाडीचा बर्फ काळा पडून फुटला, तशी तिनं होडी काढली. ताउनो काठावर सिगारेट ओढत उभा राहून ओरडायचा, "वल्हं पाण्यात घाल, पाण्याला कुरवाळू नकोस!" कॅनू खांद्यावर उलटी घेऊन चालायला ती मे महिन्यात शिकली. शेजारची सिल्वी कुंपणाशी येऊन बघायची. रस्त्यावरून जाणारी माणसं गाडीचा वेग कमी करायची. शाळेतल्या मुलांनी तिला होडीखालून फक्त पाय दिसणारी बाई म्हणून चिडवलं, तेही तिनं हसून घेतलं. अंग उतरलं, तळव्यांना घट्टे पडले. एकदा गास्तोंनं समोरून येताना तिला होडीसकट चढ चढताना पाहिलं आणि टोपी काढून म्हणाला, "पेंटीलाही इतकं जमत नव्हतं, इर्या." ते वाक्य तिला कितीतरी दिवस पुरलं.

टेबलावरच्या चर्चेत आता तिला जागा होती, भिंतीकडची, पेंटीची. तिनं एकदा नकाशावर बोट ठेवून विचारलं, "नेहमीच्या वाटेऐवजी या वरच्या नदीनं गेलं तर? दोन पोर्टेज वाचतात." ताउनोनं तोंड वाकडं केलं. पुढच्या रविवारी त्यानं तीच वाट स्वतःची म्हणून सांगितली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. इर्याला त्याचंही काही वाटलं नाही. वाट तर ठरली.

तिनं गोमांसाच्या पट्ट्या वाळवल्या, राय धान्याच्या कडक भाकऱ्या भाजल्या, वेलदोड्याचा गोड पाव कापून पुन्हा भट्टीत वाळवला. स्वतःसाठी हिरवा रेनकोट घेतला आणि गळाची काठी घेतली. तिच्या आयुष्यातली पहिली. जूनमधल्या एका संध्याकाळी पायरीवर बसून ताउनोनं तिला गळ बांधायला शिकवलं. तिची जाड बोटं आपल्या हातात धरून गाठ कशी फिरवायची ते दाखवलं. गाठ बसल्यावर म्हणाला, "हां. आता मासा गेला तर दोष तुझा." इतक्या वर्षांत त्यानं तिचे हात असे धरल्याचं तिला आठवत नव्हतं.

निघायच्या आधीच्या शनिवारी ती बाजारातून आली, तर भिंतीकडच्या खुर्चीत एक तरणाबांड माणूस बसला होता. डॅरल, गिरणीत नवा आलेला. नकाशा पसरलेला. डॅरल तिच्याच वाळवलेल्या मांसाची पट्टी चघळत होता.

"तुम्ही इर्या ना?" तो मोकळेपणानं म्हणाला. "होडी डोक्यावर घेऊन फिरता म्हणे! मला एकदा बघायचंय."

इर्यानं नवऱ्याकडे पाहिलं. "पाचवा कुठं बसणार?"

"पाचवा कसला?" ताउनो म्हणाला.

डॅरलला काही कळेना. "मी तर ईस्टरलाच रजा टाकली. तेव्हाच ठरलं ना आपलं?"

ईस्टरला खाडीवर अजून बर्फ होता. इर्या मनातल्या मनात सगळं मागं चालत गेली. होडीतलं शिकणं, चढ, सिल्वीचं कुंपण, पायरीवरची ती गाठ. सगळं ईस्टरनंतरचं.

"अगं, ती गंमत चालली होती," ताउनो म्हणाला. "तुला काय खरंच वाटलं? या वयात?"

"अशी हिवाळ्यात करमणूक नव्हती झाली कधी," रेइनो म्हणाला. गास्तों नकाशाकडे बघत राहिला. त्यानं मान वर केली नाही.

इर्यानं पिशव्या ठेवल्या. कॉफी टाकली. सोमवारी पहाटे तिनंच त्यांचे डबे भरले आणि तिनंच गाडी चालवली. पाण्याशी पोचल्यावर भुरभुर पाऊस लागला. डॅरलनं रेनकोट आणला नव्हता. ताउनोनं गाडीतला हिरवा रेनकोट काढून त्याच्याकडे फेकला, मग तिची काठीही. "ही घे, कोरी आहे. तिला आता काय करायचीय?"

होड्या वळणाआड गेल्या. ताउनोनं मागं न बघता ओरडून सांगितलं, "पुढच्या रविवारी दुपारी, पुलाशी!"

त्या रविवारी इर्या सकाळी उठली, सॉनाची वाफेची खोली तापवली, अंग शेकलं. मग बादली घेऊन खडकांवर ब्लूबेरी वेचायला गेली. दुपार झाली तेव्हा ती वेचतच होती. गाडी अंगणात उभी होती, किल्ली खिळ्याला. संध्याकाळी तिनं बेरींचा मुरंबा केला. त्यांना आणायला जायचं नाही, एवढंच ठरलं होतं. तिला राग आल्यासारखंही वाटत नव्हतं. सोमवारी पाऊस आला. पुलाशी आडोसा नाही, हे तिला ठाऊक होतं. डबे संपले असतील, काळ्या माश्या कानामागं रक्त काढत असतील, हेही ठाऊक होतं. तिनं पडदे धुतले. मंगळवारी खिडक्या पुसल्या.

बुधवारी सकाळी लाकडाच्या ट्रकनं त्यांना आणून सोडलं. गास्तों त्यांच्यात नव्हता. मासा सोडवताना गळ त्याच्या तळहातात रुतला होता, तेही शनिवारी, पुलाच्या अलीकडच्याच तळ्यावर. रविवारी दवाखाना गाठला असता तर टाका घालून भागलं असतं. बुधवारपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता. दोन बोटं काढावी लागली.

ताउनो दारात उभा राहिला. डोळे माश्यांनी सुजून बारीक झालेले, दाढी चिखलानं भरलेली. मागं रेइनो.

"मी आले नाही," इर्या म्हणाली. हे वाक्य तिनं तीन दिवस तोंडात तयार ठेवलं होतं. "मुद्दाम आले नाही."

ताउनोनं तिच्याकडे पाहिलं. त्याला समजलं, हे तिला स्वच्छ दिसलं. मग त्याचा चेहरा हळूहळू मऊ झाला. तो रेइनोकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "विसरली रे बिचारी."

दोन दिवसांत गावभर झालं. ताउनो दुकानात, चर्चमध्ये, गिरणीच्या फाटकाशी सांगत फिरला की इर्याचं अलीकडे डोकं जाग्यावर नाही, मागंच लक्षात यायला हवं होतं, म्हातारपणी होडी डोक्यावर घेऊन कोण फिरतं? बायकोनं जंगलात टाकून दिलेला नवरा म्हणून गाव जन्मभर हसलं असतं. आजारी बायकोच्या नवऱ्याच्या घरी मात्र बायका केक घेऊन येऊ लागल्या.

सप्टेंबरात शाळा उघडायच्या आधी बसच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथली बाई तिला लहानपणापासून ओळखत होती. तिनं इर्याचा हात हातात घेतला.

"मी विसरले नव्हते," इर्या म्हणाली. "माझं डोकं ठीक आहे. मी त्यांना तिथं मुद्दाम ठेवलं."

"ताउनो म्हणालाच होता की तू असं सांगशील."

"खरं आहे ते."

"बरं, खरं असू दे. मग मला सांग, चार माणसांना रानात उपाशी सोडणाऱ्या बाईच्या हाती मी पोरं कशी देऊ?" बाईनं तिचा हात थोपटला. "त्यापेक्षा विसरलीस हेच बरं नाही का गं?"

बसच्या किल्ल्या टेबलावर राहिल्या. घरच्या गाडीची किल्ली तर आधीच खिळ्यावरून गेली होती.

इर्या तशीच चालत गास्तोंकडे गेली. तो अंगणात डाव्या हातानं लाकडं रचत होता. उजव्या हाताला पट्टी.

"मी विसरले नव्हते, गास्तों."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "रविवारी दुपारीच कळलं होतं. आम्हा सगळ्यांना. पुलावर बसलो होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं."

"मग सांगत का नाहीस लोकांना?"

"काय सांगू? आम्ही एका बाईला सगळा वसंत नाचवलं, हे? की माझी बोटं तिच्या सूडापायी गेली, हे?" त्यानं एक ओंडका उचलला. तो हातातून निसटला. तिनं वाकून द्यायला हात पुढं केला, तसा तो ओरडला, "राहू दे!" मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं मी. नाही बोललो. पण तू मला हात लावू नकोस, इर्या. घरी जा."

ती घरी गेली.

पुढच्या फेब्रुवारीत नकाशा रेइनोच्या घरी उघडला. चौघं होते, डॅरल भिंतीकडच्या खुर्चीत बसत असे. पुलाशी गाडी आणायचं रेइनोच्या बायकोनं कबूल केलं होतं. रविवारी ताउनो टोपी घालून निघायचा आणि जाताना सिल्वीला हाक मारायचा. घरात इर्याला एकटं ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. सिल्वी विणकाम घेऊन यायची, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, शब्द सुटे करून बोलायची. "आज. रविवार. आहे. इर्या!"

इर्या बटाटे सोलत बसली होती. बाहेर बर्फ पडत होता.

"मी मुद्दाम गेले नव्हते, सिल्वी," ती म्हणाली. "मला दिवस माहीत होता. वेळही माहीत होती."

"हो गं, हो," सिल्वी म्हणाली. तिनं इर्याच्या हातातून हलकेच सुरी काढून घेतली आणि उरलेले बटाटे स्वतः सोलायला घेतले.